कोरडी अंथरुणं

आमच्या आश्रमाला वास येत नसे, हीच त्याची कीर्ती होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बायकांचं घर म्हटलं की लोक दारातच नाकाला पदर लावतात. आमच्याकडे मुंबईहून देणगीदार आले की उंबऱ्यात आधी हळूच श्वास घेत, मग छाती भरून घेत आणि म्हणत, "कमाल आहे, वास म्हणून नाही." आक्का तेव्हा मान खाली घालून उभी राही. मी तिच्या मागे उभी असे आणि मलाही अभिमान वाटे. अंथरुणं कोरडी कशी राहतात ते मला ठाऊक होतं, तरीही वाटे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला फार भली समजायला नको.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग म्हणजे मालवणसमोरचा समुद्रातला किल्ला, एवढंच. साठ साल अजून यायचं होतं. मालवणच्या वर, किनाऱ्याला धरून, माडांच्या आगरात एक लांबडं कौलारू घर होतं. एका घराण्याने ते निराधार बायकांसाठी सोडून दिलं होतं आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून खाटा पाठवल्या होत्या. कारभार एका कमिटीकडे होता, पण कमिटी वर्षातून दोनदा उगवायची. रोजचं सगळं आक्का बघायची.

आक्का वालावलची. लहान वयात विधवा झालेली, आणि भावाच्या घरी भांडी घासत मरायचं नाही असं ठरवून मिरजेला जाऊन नर्सिंगचं काम शिकून आलेली. उंच, हट्टी, खणखणीत आवाजाची. कामाच्या वेळी पुस्तकी मराठी बोलायची. रागावली किंवा गलबलली की मालवणी. मी तिच्याकडे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लग्नानंतर वर्षाच्या आत माझं कपाळ पांढरं झालं होतं, मिठबावच्या सासरने दार लावून घेतलं होतं, आणि माहेरी भावजयीच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या होत्या. मामाने मला नेऊन आक्कापुढे उभं केलं. तिने माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "नखं काप. उद्यापासून ये." मी आज जी काही आहे ती त्या दोन वाक्यांमुळे आहे.

थर्मामीटर कसा झटकायचा, जड बाईला आपली पाठ न मोडता कुशीवर कसं वळवायचं, खोबरेल लावून पाठीची कातडी कशी जपायची, हे सगळं तिने मला शिकवलं. चुकलं की हातावर चापट बसायची. सणाच्या दिवशी मात्र स्वतःच्या वाटणीचा लाडू गुपचूप माझ्या पानात टाकायची आणि वर म्हणायची, "मला गोड चालत नाही." तिला गोड उत्तम चालायचं.

पण पावसाळ्यात तिचा एक नियम होता. ऊन कललं की पाणी बंद.

कोकणातला पावसाळा ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. झड लागली की धुतलेली गोधडी चार-चार दिवस सुकत नाही. आम्ही चुलीवर दोऱ्या बांधून गोधड्या टांगायचो. त्यांना धुराचा वास लागायचा, पण ओल जायची नाही. मी येण्याआधीच्या एका पावसाळ्यात ओल्या अंथरुणावर पडून पडून एका बाईची पाठ सडली होती. आक्काने चिमट्याने तिच्या जखमेतले किडे काढले, आणि तरी ती गेली. त्यानंतर आक्काने कमिटीकडे जादा गोधड्या आणि हाताखाली आणखी एक बाई मागितली. कमिटी म्हणाली, पाहू. ती पाहतच राहिली. मग आक्काने आपल्या डोक्याने मार्ग काढला. दुपारची पेज झाली की तांब्यात पुढे थेंब घालायचा नाही. आणि दिवेलागणीच्या आधी प्रत्येकीच्या उशाशी असलेला पाण्याचा तांब्या उचलून आत नेऊन ठेवायचा, तो सकाळी परत द्यायचा.

तांबे उचलायचं काम माझं होतं. आक्काने स्वतः कधी एकाही तांब्याला हात लावला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ते माझ्या अंगावर आलं.

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी होती, तांडेलाची बायको. नवरा आणि मुलगा एकाच मचव्यावर मासेमारीला गेले होते आणि मचवा परत आलाच नव्हता. कमरेखालचं तिचं अंग लुळं होतं. हात आणि जीभ मात्र धडधाकट. आम्ही तिला आजये म्हणायचो. मी संध्याकाळी तिच्या खाटेशी गेले की ती शेजारणीला सांगे, "इली जप्तीवाली."

मग मी तांब्या उचलू लागले की ती हळूच म्हणे, "घोटभर दी गो."

"आक्का रागवतली, आजये. सकाळी दितंय."

"सकाळपर्यंत जगलंय तर."

यावर आम्ही दोघी हसत असू. हसत हसत मी तांब्या घेऊन जात असे. बाहेर पागोळ्या धो धो गळत असायच्या, विहीर तोंडापर्यंत भरलेली असायची, आणि आतल्या बायका ओठांवरून जीभ फिरवत पडलेल्या असायच्या. मला ते रोज दिसे आणि रोज मी पुढच्या खाटेकडे वळे.

एका संध्याकाळी मी तांबे ठेवून कंदील लावायला परत आले, तर आजये हातांच्या जोरावर खिडकीपर्यंत सरकली होती. खिडकीच्या गजावरून पावसाचं पाणी ओघळत होतं आणि ती गंजलेला गज चाटत होती. मला पाहून तिने तोंड फिरवलं नाही. तिची जीभ गंजाने तांबडी झाली होती.

"पावसाचा पाणी गोड आसा गो," ती म्हणाली.

लाज तिला नाही, मला वाटली. मी धावत जाऊन पदराचं टोक पाण्यात बुडवून आणलं आणि तिच्या तोंडात पिळलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, आक्का देवापुढे बसली की मी ओलं फडकं नेऊन तिला चोखायला देई. तिला एकटीलाच. बाकीच्या बायकांसाठी माझ्याकडे फडकं नव्हतं असं नाही, धाडस नव्हतं. आणि तेवढ्या फडक्यावर मी आपल्या मनाची समजूत काढत होते.

आक्कालाच का नाही सांगितलं, असं कुणी विचारील. एकदा तोंड उघडलं होतं. ती गोधडी पिळत होती. थांबली आणि म्हणाली, "तू पाठीतले किडे काढले आहेस का? मग बोलू नकोस." आणखी एकदा बोलले असते तर तिने मला हाकललं असतं, आणि मला जायला दार नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटे. आता वाटतं, नसतं हाकललं तिने.

आणि कमिटीला सांगायचं म्हणजे कसं? कमिटीतले लोक वाईट नव्हते, पण तक्रार ऐकायची त्यांची तऱ्हाच और. सगळे मिळून खोलीत येत, मधोमध उभे राहत, शेजारी आक्का उभी असे, आणि एकजण मोठ्याने विचारी, "काय मग, कोणाची काही तक्रार?" बायका खाटांवरून हात जोडत. "नाय हो, सगळा बरा आसा." मग मंडळी चहा घेऊन जात. एकदा अशाच वेळी आजयेने माझ्याकडे पाहिलं होतं. मी चहाचे कप गोळा करत होते, ते अगदी मन लावून करत राहिले.

गज चाटताना पाहिल्यानंतर मात्र मला झोप लागेना. कुणाला तरी सांगायला हवं आणि माझं नाव तर यायला नको, या दोन्ही गोष्टी एका वेळी कशा साधायच्या ते कळेना. मग मला एक युक्ती सुचली, आणि तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली.

श्रावणात आश्रमाचा वाढदिवस असे. आमच्या मुलखात कुठलंही कार्य असलं की आधी गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे गावातला मानाचा माणूस, देवाच्या नावाने नारळ ठेवतो आणि मोठ्याने एकेक मागणं मागतो. प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, 'होय महाराजा'. गाऱ्हाण्यात काहीही मागता येतं. कोण मागतं आहे हे कुणी विचारत नाही, कारण मागतो तो सगळा गाव. मी म्हटलं, तक्रार करायला याहून सुरक्षित जागा कुठली? नारळ द्यायच्या निमित्ताने मी गावकाराच्या घरी गेले आणि चाचरत सांगितलं की आश्रमातल्या म्हाताऱ्यांना सांजवेळी तहान लागते, तेवढं देवाच्या कानावर घालाल का. तो म्हातारा पान जमवत होता. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

"देवाकडे पाणी मागूक कसली भीती? घालतंय," तो म्हणाला.

वाढदिवसाला कमिटी आली, आक्का इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसली, उठता येत होतं त्या बायका पडवीत बसल्या. आजयेची खाट आम्ही उचलून दारापर्यंत आणली. गावकाराने नारळ ठेवला आणि आवाज लावला.

"बा देवा महाराजा, आज तुझ्या लेकरांनी ह्यो नारळ तुझ्या पायाशी ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे महाराजा."

"होय महाराजा."

"ज्यांनी ह्या घर दिला, ज्यांनी खाटी धाडल्यानी, तेंचा सगळ्यांचा बरा कर रे महाराजा."

"होय महाराजा."

"आणि ह्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचो सांजवेळेक घसो सुकता रे महाराजा, तेंका घोटभर पाणी गावांदे."

मी आक्काकडे पाहिलं. तिची मान जराशी वर झाली, पण सगळ्यांच्या बरोबर तिच्याही तोंडून निघालं, "होय महाराजा." कमिटीतले सगळे म्हणाले. आमचे डॉक्टर कमिटीवर होते, तेही म्हणाले. आजयेचा आवाज तर सगळ्यांच्या वर होता. पुढे जे चुकलंमाकलं असेल ते पोटात घालायला देवाला सांगून झालं, नारळ फुटला, खीर वाटली. मी खीर वाढता वाढता वाट पाहत होते की आता कुणीतरी विचारील, हे पाण्याचं काय प्रकरण आहे? कुणी विचारलं नाही. विचारणार कशाला? देवाला सांगून झालं होतं. आमच्याकडे देवाला सांगितलं की माणसांचं काम संपतं, आणि मीही त्याच मातीतली असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी मी तांब्यांपाशी जाऊन रेंगाळले. आज आक्का म्हणेल, राहू दे. आक्का आली आणि म्हणाली, "उचलत का नाहीस?"

"आज गाऱ्हाण्यात..." मी म्हटलं.

"देवाकडे मागितलंय ना? मग देव बघेल त्यांच्या तहानेचं. अंथरुणं आपल्याला धुवायची आहेत."

मी तांबे उचलले.

ती देवापुढे बसल्यावर नेहमीसारखं ओलं फडकं घेऊन आजयेकडे गेले. तिने तोंड मिटून घेतलं. मला वाटलं चेष्टा करते आहे.

"नको," ती म्हणाली. "देवाक सांगितला मां? आता माणसांकडे मागून तेचो अपमान कित्याक करूचो? तो दितलो."

मी हसले, समजावलं, फडकं तिच्या ओठांना लावलं. तिने हाताने बाजूला केलं. दुसऱ्या दिवशी तेच. खिडकीकडे सरकणंही तिने सोडलं. देवाने द्यायचं म्हणजे त्याने आणून द्यायचं, आपण चोरून चाटायचं नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. माझ्या हुशारीने तिच्या तोंडचं होतं नव्हतं ते पाणीही गेलं. सकाळी मी तांब्या देई तेव्हा ती प्यायची, पण हळूहळू तेही कमी झालं. श्रावण संपता संपता तिचे ओठ फुटले, लघवीला जळजळ होऊ लागली, अंगात ताप मुरला. एका दुपारी तिने मला आपल्या मुलाच्या नावाने हाक मारली आणि मचवा किनाऱ्याला लागला काय, असं विचारलं. मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले. ही बाई आता मरणार, आणि ती माझ्यामुळे मरणार, हे मला त्या मोरीत लख्ख कळलं.

त्याच दुपारी, आक्का जरा पडली होती तेव्हा मी डॉक्टरांच्या घरी गेले. डॉक्टर बाजाराच्या टोकाला राहत. वय झालेलं, दमेकरी, आमच्याकडे फुकट येत. पण येत ते सकाळी, उशाशी तांबे असताना. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. गजाचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं, गाऱ्हाण्याचंही. तांबे कोण उचलतं ते मात्र सांगितलं नाही. 'तांबे उचलले जातात' असं म्हटलं. भाषेने मला तेवढी सोय करून दिली आणि मी ती घेतली.

ते म्हणाले, "त्या दिवशी मीसुद्धा होय महाराजा म्हणालो होतो." आणि उठून आत गेले. बाहेर आले ते एक बाटली घेऊन. "हे खोकल्याचं औषध. कुणी विचारलं तर यासाठी आली होतीस. मी तुझ्या सांगण्यावरून आलो असं दिसलं तर उद्यापासून सगळे सांगणारीला शोधत बसतील आणि पाणी बाजूला राहील. मी आपणहून येईन, आपल्या डोळ्यांनी पाहीन. मी काहीही विचारलं तरी तू बोलायचं नाहीस. कळलं?"

मला किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू. गप्प राहा, असं इतक्या मोठ्या माणसाने सांगावं, यापरतं मला काय हवं होतं? वाटेत मी खोटं खोटं खोकायचा सरावसुद्धा केला.

ते दुसऱ्याच दिवशी आले, दिवेलागणीला. म्हणाले, पलीकडच्या वाडीत आलो होतो, सहज डोकावलो. मी नुकतेच तांबे आत ठेवले होते. आक्का लगबगीने पुढे झाली. डॉक्टर तडक आजयेच्या खाटेवर बसले. त्यांनी तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती उचललेली तशीच उभी राहिली.

"हिला पाणी द्या."

कुणी हललं नाही. त्यांनी उशाशी पाहिलं, मग शेजारच्या खाटेच्या उशाशी, मग सगळ्या रांगेवरून नजर फिरवली.

"तांबे कुठे आहेत?"

आक्काने तोंड उघडलं, पण त्याआधी आजयेच बोलली. तिला ताप होता, पण आवाज स्वच्छ होता. तिने हात उचलून माझ्याकडे बोट केलं.

"ही न्हेता. रोज सांजची हीच येता आणि तांब्यो उचलून न्हेता."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काल पायरीवर बसून सगळं सांगणारी ती हीच का, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मला वाटलं जमीन दुभंगावी. 'आक्काने सांगितलं म्हणून नेते' एवढंच म्हणायचं होतं. पण बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि बोलायचं नाही हेच मला आयुष्यभर उत्तम जमत आलं होतं. सगळ्या खाटांवरून बायका माझ्याकडे बघत होत्या.

तेव्हा आक्का माझ्या आणि खाटेच्या मध्ये येऊन उभी राहिली. डॉक्टरांशी ती कधी मालवणी बोलत नसे, त्या दिवशी बोलली.

"तिका कित्याक बघतास? तिचो काय दोष नाय. मिया सांगितलंय म्हणान ती न्हेता. जां काय इचारूचा तां माका इचारा."

आणि मग तिने सगळं सांगितलं. सडलेली पाठ, न सुकणाऱ्या गोधड्या, कमिटीचं 'पाहू'. काही लपवलं नाही, कुणावर ढकललं नाही. ती बोलत होती आणि मी तिच्या मागे उभी होते, देणगीदार आले की उभी असे तशीच. तिच्या मानेवर घामाचे थेंब होते. मी आतून तांबे आणायला गेले, कारण तिथे उभं राहणं मला शक्य नव्हतं.

आजयेने त्या रात्री पाणी घेतलं. डॉक्टरांनी चमच्याने पाजलं, मग औषध सुरू केलं, आणि ती वाचली. ती वाचली म्हणून मी देवाचे आभार मानले. ती आपली भाबडी, देवानेच डॉक्टरांना धाडलं असं सगळ्यांना सांगत सुटली.

कमिटी बसली. आक्काला हाकललं असं कुणी म्हणालं नाही. तिने आता विश्रांती घ्यावी असं म्हणाले. वालावलला, त्याच भावाच्या घरी. इतकी वर्षं मागून न मिळालेल्या गोधड्या त्या महिन्यात मुंबईहून आल्या, आणि हाताखाली दोन बायका मिळाल्या. डॉक्टरांनी एक नवी पद्धत घालून दिली. ते वेळ न कळवता येत, आम्हा काम करणाऱ्यांना अंगणात काढत आणि प्रत्येक खाटेशी एकटे बसून हलक्या आवाजात बोलत. कोण काय म्हणालं ते कधी बाहेर आलं नाही. पद्धत चांगलीच होती. पुढे मी तिथली मुख्य झाले तरी अंगणात उभी राहायची, आणि आत आजयेच्या खाटेशी ते बसलेले खिडकीतून दिसले की मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घ्यायची.

आक्का गेली त्या दिवशी पाऊस उघडला होता. तिची ट्रंक मी डोक्यावर घेतली आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेले. आश्रमाच्या किल्ल्या तिने स्वतः माझ्या कमरेला खोचल्या होत्या. कमिटीला तिनेच माझं नाव सुचवलं होतं. थांब्यावर ती ट्रंकेवर बसली आणि म्हणाली, "पाणी आणलंयस?" मी तांब्या पुढे केला. ती थोडं प्यायली, पदराने तोंड पुसलं.

"एक इचारतंय," ती म्हणाली. "डॉक्टरांका कोणी सांगल्यान आसतला गो?"

तिच्याकडे बघवेना म्हणून मी गाडी येते का ते बघू लागले. आत्ता सांग, असं माझं मन मला ओरडून सांगत होतं. मी म्हटलं, "देवानच सांगल्यान आसतला. गाऱ्हाणा घातलला मां."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, जमावात म्हणतात तसं नव्हे, म्हणाली, "होय महाराजा."

गाडी आली. मी ट्रंक वर चढवली. खिडकीतून हात काढून तिने तांब्या परत दिला. त्यानंतर वालावलला जायचं मी दर वर्षी ठरवलं. वालावल काही परमुलखात नव्हतं, सकाळी निघून संध्याकाळी परत येता आलं असतं. तिच्या भावाकडून ती गेल्याचा निरोप आला तेव्हासुद्धा मी पाठीच्या दुखण्याचं निमित्त केलं.

त्या दिवशी थांब्यावरून परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. तोच तांब्या घासून, भरून मी आजयेच्या उशाशी नेला. तिने विचारलं, "आक्का गेली?"

"गेली."

"बरी होती गो. माजी पाठ तिनांच राखल्यान," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

आजये त्यानंतर पुष्कळ जगली. मी तिचं सगळं केलं, शेवटपर्यंत, आणि मन लावून केलं. ती माझ्याशी बोलायची, हसायची, मला आशीर्वाद द्यायची. फक्त संध्याकाळी मी तिच्या खाटेजवळ गेले, कंदील लावायला म्हणून, पांघरूण सारखं करायला म्हणून, की बोलता बोलता तिचा हात आपोआप उशाशी जायचा आणि तांब्याच्या तोंडावर बसायचा. मी लांब जाईपर्यंत ती तो काढत नसे.